कायद्याने दिली ती फक्त तारीख

२००२च्या ऑगस्ट महिन्यात जपानमध्ये चार मोटारींचं उत्पादन थांबलं. निसानची स्कायलाइन जीटी-आर, निसानचीच सिल्व्हिया, टोयोटाची सुप्रा आणि माझ्दाची आरएक्स-७. गाड्या चार, कंपन्या तीन, महिना एकच. कुठे संप झाला नव्हता, गाड्यांत काही खोट निघाली होती असंही नाही. १ सप्टेंबरपासून धुराचे नवे नियम जुन्या मॉडेलांनाही लागू होणार होते आणि या चार गाड्या त्या नियमांत बसवण्याचा खटाटोप करायचा नाही, असं तिन्ही कंपन्यांनी ठरवलं होतं.

तेव्हापासून ही हकिगत एका वाक्यात सांगितली जाते: प्रदूषणाच्या कायद्याने जपानी स्पोर्ट्सकारचा बळी घेतला. वाक्य सुटसुटीत आहे आणि चाहत्यांच्या सोयीचंही. सगळा दोष सरकारच्या माथी मारून मोकळं होता येतं. पण त्याच कायद्याखाली होंडाची एनएसएक्स २००५ अखेरपर्यंत बनत राहिली, आणि ती तर या चौघींपेक्षा वयाने थोरली, १९९०ची. सुप्राच्या ज्या इंजिनाला कायद्याने मारलं असं म्हणतात, तेच इंजिन टोयोटाच्या ॲरिस्टो या चार दारांच्या ऐसपैस गाडीत २००४पर्यंत धडधडत होतं. कायदा जर सगळ्यांना सारखाच, तर काहींनाच तो का भोवला? या प्रश्नाचं उत्तर धुरात सापडत नाही. त्यासाठी तेरा वर्षं मागे जावं लागतं.

पैशाला मोजदाद नव्हती तेव्हा

१९८९ हे जपानी मोटारींच्या इतिहासातलं सुगीचं वर्ष. फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात होंडाने एनएसएक्सचा नमुना मांडला. जुलैत निसानची नवी फेअरलेडी झेड आली, ऑगस्टमध्ये स्कायलाइन जीटी-आर, पाठोपाठ माझ्दाची छोटी उघडी रोडस्टर आणि टोयोटाची लेक्सस. २९ डिसेंबरला टोकियो शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक ३८,९१५वर बंद झाला. तो आकडा पुन्हा पाहायला जपानला २०२४ उजाडावं लागलं.

या भरभराटीच्या काळात अभियंत्यांना हात आखडता घ्यायला सांगणारं फारसं कुणी नव्हतं. स्कायलाइन जीटी-आरचं इंजिन हे त्याचं ठळक उदाहरण. आरबी२६ नावाच्या या सहा सिलिंडरच्या इंजिनाची क्षमता २,५६८ घनसेंटिमीटर. हा आडनिडा आकडा शर्यतीच्या नियमपुस्तकातून आला होता. 'ग्रुप ए' प्रकारच्या शर्यतींत टर्बो इंजिनाची क्षमता १.७ने गुणून गाडीचा गट ठरवत. २,५६८ला १.७ने गुणलं की ४,५०० घनसेंटिमीटरच्या गटात गाडी नेमकी बसते. म्हणजे हे इंजिन रस्त्यासाठी नव्हे, शर्यतीच्या एका गटासाठी बेतलं होतं. रस्त्यावरच्या गाड्या बनवायच्या त्या शर्यतीत उतरण्याचा परवाना मिळावा म्हणून. गरजेप्रमाणे पुढच्या चाकांनाही ताकद पुरवणारी संगणकाधारित यंत्रणा या इंजिनाच्या जोडीला होती. १९९० ते १९९३ या चार हंगामांत जपानी टूरिंग कार स्पर्धेच्या २९ शर्यती झाल्या आणि २९च्या २९ या गाडीने जिंकल्या. ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टच्या शर्यतीतही १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोन वर्षं तीच पहिली आली. तिथल्या मोटार-पत्रकारांनी तिचं नाव 'गॉडझिला' ठेवलं होतं, ते आजही टिकून आहे.

जपानी कंपन्यांनी याच काळात स्वतःला एक लगामही घालून घेतला होता. १९८८मध्ये रस्ते-अपघातांतल्या मृत्यूंची संख्या पुन्हा दहा हजारांवर गेली आणि वर्तमानपत्रांतून 'वाहतूक-युद्ध' हा शब्द परत छापून येऊ लागला. सरकारने बडगा उगारण्याआधीच कंपन्यांनी आपसात ठरवलं की देशात विकल्या जाणाऱ्या कुठल्याही गाडीची ताकद २८० अश्वशक्तीपेक्षा जास्त जाहीर करायची नाही. १९८९च्या फेअरलेडी झेडने हा आकडा गाठला आणि पुढची पंधरा वर्षं तो कुणी ओलांडला नाही. कागदावर सगळ्याच २८०च्या. प्रत्यक्षात काही गाड्या त्याहून ताकदवान आहेत, हे बनवणाऱ्यालाही ठाऊक होतं आणि घेणाऱ्यालाही. या सभ्य करारामुळे कंपन्यांची स्पर्धा टर्बो, चेसिस, चाकं वळवण्याच्या यंत्रणा अशा सूक्ष्म गोष्टींकडे वळली आणि गाड्या सुरेख झाल्या. पण १९८९च्या माहितीपत्रकात जो आकडा होता तोच २००२च्या माहितीपत्रकातही राहिला. जुनी जीटी-आर असलेल्या माणसाने नवी का घ्यावी, याचं ठसठशीत उत्तर विक्रेत्याकडे उरलं नाही.

आखली एका काळात, विकली दुसऱ्यात

नवी मोटार कागदावरून रस्त्यावर यायला चार-पाच वर्षं लागतात. माझ्दाने आरएक्स-७ची तिसरी पिढी बाजारात आणली ती ऑक्टोबर १९९१मध्ये. त्याच वर्षी जूनमध्ये माझ्दाच्या ७८७बी या रोटरी इंजिनाच्या गाडीने फ्रान्समधली ल मॉं ही चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. कुठल्याही जपानी कंपनीचा तिथला तो पहिला विजय. नव्या गाडीला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता. टोयोटाची सुप्रा आणखी उशिरा, १९९३च्या मेमध्ये आली. दोन्ही गाड्यांचे आराखडे भरभराटीत झाले होते आणि विक्रीच्या वेळी शेअर बाजार कोसळलेला होता.

देशात गिऱ्हाईक आटलं तर परदेशात विकता आलं असतं. जपानी स्पोर्ट्सकारचा संसार मुळात अमेरिकेच्याच जिवावर उभा होता. १९७०च्या दशकातल्या पहिल्या झेड गाड्या आणि पहिली आरएक्स-७ तिथल्या तरुणांनी उचलून धरल्या होत्या, त्या स्वस्त होत्या म्हणून. डॉलर उतरवण्यासाठी मोठ्या देशांनी १९८५मध्ये केलेल्या प्लाझा करारानंतर येन चढू लागला आणि एप्रिल १९९५मध्ये एका डॉलरला ८० येनसुद्धा मिळेनात. त्यातच गाड्या दोन-दोन टर्बो आणि संगणकी यंत्रणांनी मढलेल्या. ज्या पैशात पूर्वी जपानी गाडी आणि वर थोडी शिल्लक राहायची, तेवढ्यात आता जर्मन गाडीचा विचार करता येऊ लागला. शिवाय अमेरिकेतल्या विमा कंपन्यांनी तरुणांच्या हातातल्या दोन दारांच्या टर्बो गाड्यांचे हप्ते वाढवत नेले.

मग एकेक गाडी अमेरिकेतून परतली. आरएक्स-७ १९९५च्या मॉडेलनंतर, झेड १९९६नंतर, सुप्रा १९९८नंतर. स्कायलाइन जीटी-आर तर तिथे अधिकृतपणे कधी विकलीच गेली नव्हती. जगभर विकायच्या खर्चात बनवलेल्या गाड्या आता मुख्यतः एका देशात खपवायच्या होत्या.

आणि त्या देशाची आवड बदलत होती. मंदीतल्या कुटुंबाला दोन गाड्या परवडत नव्हत्या. एकाच गाडीत आई-वडील, मुलं, आजी आणि सुट्टीचं सामान मावायला हवं होतं. १९९४मध्ये होंडाने ओडिसी ही सहा-सात जणांची गाडी आणली आणि तिने बाजाराचं तोंडच फिरवलं. जीटी-आरचे आकडे पाहिले की उतार स्वच्छ दिसतो. १९८९च्या पिढीच्या सुमारे ४४ हजार गाड्या बनल्या, १९९५च्या पिढीच्या सुमारे साडेसोळा हजार आणि १९९९च्या शेवटच्या, आर३४ या पिढीच्या जेमतेम साडेअकरा हजार. धुराचे नियम दारात यायच्या आधीच तीन-चतुर्थांश गिऱ्हाईक निघून गेलं होतं.

ज्या शर्यतीसाठी आरबी२६ इंजिन बेतलं होतं ती 'ग्रुप ए' स्पर्धाही जपानमध्ये १९९३च्या हंगामानंतर बंद झाली. इंजिनाच्या जन्माचं कारण त्याच्या मृत्यूच्या नऊ वर्षं आधी संपलं होतं.

दोन घरांतली कर्जं, एका घरातली श्रीमंती

आजारी गाडीला वाचवायचं तर कंपनीच्या अंगात बळ लागतं. १९९९मध्ये निसानवर सुमारे दोन लाख कोटी येनचं कर्ज होतं. मार्चमध्ये फ्रान्सच्या रेनोने तिचा ३६.८ टक्के हिस्सा घेतला आणि रेनोचे कार्लोस गोन कारभार पाहायला टोकियोत येऊन बसले. ऑक्टोबरमध्ये त्यांनी मांडलेल्या पुनरुज्जीवन योजनेत पाच कारखाने बंद करणं आणि २१ हजार नोकऱ्या कमी करणं होतं. बंद होणाऱ्यांत टोकियोच्या पश्चिमेचा मुरायामा कारखानाही होता. हा मूळचा प्रिन्स या कंपनीचा. स्कायलाइन ही प्रिन्सचीच निर्मिती; १९६६मध्ये प्रिन्स निसानमध्ये विलीन झाली तेव्हा हे नाव आणि ते बनवणारे अभियंते तिकडे गेले. २००१च्या मार्चमध्ये मुरायामात गाड्या बनणं थांबलं. जूनमध्ये निसानने पूर्णपणे नव्या सांगाड्यावरची, व्ही६ इंजिनाची स्कायलाइन आणली. आर३४ जीटी-आर आता अशा सांगाड्यावर उभी होती जो कंपनीच्या पुढच्या कुठल्याही योजनेत नव्हता.

माझ्दाची स्थिती वेगळी नव्हती. १९९६मध्ये फोर्डने तिच्यातला आपला हिस्सा ३३.४ टक्क्यांवर नेला आणि हेन्री वॉलेस अध्यक्ष झाले. जपानी मोटार कंपनीचे ते पहिले परदेशी अध्यक्ष. रोटरी इंजिन हा हिरोशिमाच्या या कंपनीचा कुळाचार होता. १९६०च्या दशकात केनिची यामामोतो यांच्या सत्तेचाळीस अभियंत्यांच्या तुकडीने ते अक्षरशः झटून चालतं केलं होतं. पण फोर्डचे हिशेबनीस विचारत होते की जगात दुसरं कुणी बनवत नाही ते इंजिन आपणच का बनवायचं. माझ्दाच्या रोटरी गटाने यावर शहाणपणाचा निर्णय घेतला: पैसा जुन्या गाडीवर न घालता पुढच्या इंजिनावर घालायचा.

टोयोटाकडे मात्र पैशाची ददात नव्हती. तरी सुप्रा गेलीच. टोयोटाने डिसेंबर १९९७मध्ये प्रियस ही हायब्रिड गाडी बाजारात आणली होती आणि त्याच डिसेंबरात क्योटोमध्ये हवामानाचा करार झाला होता. महिन्याला मूठभर खपणाऱ्या गाडीसाठी अभियंत्यांचे तास खर्च करावेत, असं तिथल्या कुणाला वाटलं नाही. श्रीमंत घरातही हिशेब होतो. तो पैशाचा नसून माणसांचा आणि वेळेचा असतो.

मग कायदा आला

आता धुराकडे वळू. कायद्याची बाजूही ऐकायला हवी, कारण तो कुणाच्या लहरीतून आलेला नव्हता. जपानच्या औद्योगिक शहरांतले दम्याचे रुग्ण वर्षानुवर्षं न्यायालयांत लढत होते. जानेवारी २०००मध्ये अमागासाकीच्या दाव्यात कोबेच्या जिल्हा न्यायालयाने राष्ट्रीय महामार्गावरच्या धुरासाठी सरकारला जबाबदार धरलं. टोकियोचे राज्यपाल शिंतारो इशिहारा पत्रकारांसमोर काजळीने भरलेली प्लास्टिकची बाटली हलवून डिझेलविरोधी मोहीम चालवत होते. हवा बदलली होती, दोन्ही अर्थांनी.

पेट्रोल गाड्यांसाठीची जुनी मर्यादा १९७८पासूनची. दर किलोमीटरला कार्बन मोनॉक्साइड २.१० ग्रॅम, हायड्रोकार्बन ०.२५ आणि नायट्रोजन ऑक्साइड ०.२५ ग्रॅम. नव्या नियमांनी हे आकडे ०.६७, ०.०८ आणि ०.०८वर आणले. तिन्ही साधारण एक-तृतीयांशावर. नव्या मॉडेलांना ऑक्टोबर २०००पासून, आधीपासून बनत असलेल्यांना सप्टेंबर २००२पासून.

टर्बो गाडीला हे का जड जातं? धूर साफ करतो तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आणि तो काम करू लागतो साधारण ३०० अंश सेल्सियसच्या आसपास. त्यामुळे सगळ्यात जास्त घाण बाहेर पडते ती गार इंजिन सुरू केल्यानंतरच्या पहिल्या मिनिटा-दीड मिनिटात. साध्या इंजिनात कन्व्हर्टर इंजिनाला चिकटून बसवला की तो झटपट तापतो. टर्बो गाडीत मधे धुराच्या जोरावर फिरणाऱ्या टर्बोची जड लोखंडी कवचं येतात. जाड बुडाचं पातेलं आधी स्वतः तापतं आणि मग आतलं दूध तापवतं, तशी ती धुरातली उष्णता आपल्यातच मुरवून घेतात. कन्व्हर्टर तोवर गारच. आरएक्स-७ आणि सुप्रा या दोघींतही दोन टर्बो, पाळीपाळीने कामाला लागणारे, त्यामुळे नळ्यांचं आणि झडपांचं जंजाळही दुप्पट.

रोटरीचं दुखणं आणखी खोल. तिथे पिस्टन वर-खाली होत नाही, तिकोनी रोटर गोल फिरतो. ज्वलनाची जागा लांबट आणि चपटी; तिच्या भिंतींचा पृष्ठभाग मोठा, कडेचं पेट्रोल पुरतं जळत नाही. रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांना वंगण मिळावं म्हणून थोडं तेलही मुद्दाम ज्वलनात सोडावं लागतं. भर म्हणजे धूर बाहेर जाण्याचं भोक आणि हवा आत येण्याचं भोक काही क्षण एकदमच उघडी राहतात, आणि न जळलेलं इंधन तसंच बाहेर निसटतं.

पण यातलं काहीच असाध्य नव्हतं. माझ्दाने एप्रिल २००३मध्ये, म्हणजे आरएक्स-७ बंद झाल्यावर आठच महिन्यांनी, आरएक्स-८ बाजारात आणली. तिच्या रोटरी इंजिनात धुराची भोकं परिघावरून काढून बाजूच्या भिंतींत नेली होती, त्यामुळे दोन्ही भोकं एकदम उघडी राहण्याचा प्रश्नच मिटला. टर्बोही काढून टाकले होते. हे इंजिन नव्या नियमांत बसलं. टोयोटाचं २जेझेड हे सुप्राचं इंजिन ॲरिस्टोत बसत होतंच. सुबारूची इम्प्रेझा आणि मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन या दोन्ही टर्बो गाड्या २००२ पार करून गेल्या. त्यांच्या नव्या पिढ्या नुकत्याच आल्या होत्या, कंपन्यांची रॅलीतली इभ्रत त्यांच्यावर होती आणि त्या मुळात साध्या, हजारोंनी खपणाऱ्या चारदारी गाड्यांच्या अंगावर बेतलेल्या होत्या. होंडाच्या एनएसएक्स आणि एस२००० टर्बोशिवाय चालत. त्यांना झळ कमी लागली आणि होंडाला त्या ठेवायच्या होत्या.

या यादीतून सूत्र निघतं. नियमांत बसवण्याचा खर्च गाडी एक बनवा की लाख, जवळपास तेवढाच: नवे कन्व्हर्टर, नवा संगणकी कार्यक्रम, महिनोन्महिने चाचण्या, नवी प्रमाणपत्रं. ॲरिस्टोसारख्या चालू बाजारातल्या गाडीवर तो खर्च वाटता येत होता. उतरत्या विक्रीच्या, संपत आलेल्या सांगाड्याच्या गाडीवर तो वाटायला गिऱ्हाईकच नव्हतं. कायद्याने दिली ती फक्त तारीख. निर्णय आधीच हिशेबाच्या वहीत झाला होता.

जीटी-आरच्या घराण्यात तर हे दुसऱ्यांदा घडत होतं. पहिली जीटी-आर १९६९ची. शर्यतींत पन्नास विजयांपर्यंत पोचलेली. तिची वारस १९७३च्या जानेवारीत आली आणि अवघ्या १९७ गाड्या बनून बंद पडली. तेव्हाही कारण म्हणून त्या वर्षीचे धुराचे नियम सांगितले गेले. पण त्या गाडीचं एस२० इंजिन हेही फक्त तिच्यासारख्या मोजक्या गाड्यांसाठी होतं आणि शर्यतीतून निसान त्या सुमारास मागे सरकली होती. पुढे सोळा वर्षं जीटी-आर हे नाव निसानच्या कुठल्याच गाडीवर आलं नाही.

निरोपाचा हंगाम

शेवट ठरलेला असला की विकणाऱ्यालाही एक उत्साह येतो. २००२च्या पहिल्या सहामाहीत जपानी कंपन्यांनी निरोपाच्या आवृत्त्या काढल्या. जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंग या शर्यतमार्गाच्या नावावरून निसानने आर३४ची 'न्युर' आवृत्ती आणली, एक हजार गाड्यांची. माझ्दाने 'स्पिरिट आर' आणली, दीड हजार गाड्यांची. दोन्ही हातोहात गेल्या. महिनोन्महिने शोरूममध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीला ती संपणार म्हटल्यावर रांग लागली.

याच उन्हाळ्यात, ३० जुलैला, निसानने जपानमध्ये नवी फेअरलेडी झेड विक्रीला काढली. कर्जबाजारी कंपनी एका हाताने जीटी-आर बंद करत होती आणि दुसऱ्या हाताने नवी स्पोर्ट्सकार विकत होती. गोन यांना वेगाचं वावडं नव्हतं, एकटेपणाचं होतं. नव्या झेडचा सांगाडा नव्या स्कायलाइनचा, साडेतीन लिटरचं व्ही६ इंजिन निसानच्या डझनभर गाड्यांत बसणारं, आणि बाजार अमेरिकेचा. ती नफ्यात चालली.

टोयोटाकडे असा उपाय योजायला कुणी नव्हतं. २००७मध्ये तिची शेवटची छोटी एमआर-एसही बंद झाली आणि जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपन्यांपैकी एकीकडे स्वतःची म्हणावी अशी एकही स्पोर्ट्सकार उरली नाही. संस्थापकांच्या घराण्यातले आकिओ तोयोदा त्या काळात कंपनीचे मुख्य चाचणी-चालक हिरोमु नारुसे यांच्याकडे शिकत होते. न्युरबुर्गरिंगवर युरोपातल्या कंपन्या आपापल्या येऊ घातलेल्या गाड्या तपासत असताना टोयोटाचे हे वारसदार जुनी सुप्रा चालवत. ती बोच त्यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवली.

उशिरा आलेलं गिऱ्हाईक

सुप्रा अमेरिकेतून परतल्यावर तीन वर्षांनी, जून २००१मध्ये, 'द फास्ट अँड द फ्युरियस' हा चित्रपट आला. त्यात नारिंगी सुप्रा होती. १९९७च्या डिसेंबरात आलेला 'ग्रॅन तुरिस्मो' हा व्हिडिओ गेम जगभर पसरला होता आणि ज्या देशांत स्कायलाइन कधी विकलीच गेली नाही, तिथली मुलं तिच्या टर्बोचे दाब पाठ करत होती. मुंबई-पुण्याच्या सायबर कॅफेंत 'नीड फॉर स्पीड' खेळून वाढलेल्या पिढीचीही सुप्राशी आणि स्कायलाइनशी ओळख पडद्यावरचीच.

हे गिऱ्हाईक खरं होतं, फक्त वीस वर्षं उशिरा पोचलं. अमेरिकेत परदेशी गाडी २५ वर्षांची झाली की तिला तिथल्या सुरक्षा-नियमांतून सूट मिळते. १९९९च्या आर३४साठी ती वेळ जानेवारी २०२४मध्ये आली, आणि तिथल्या श्रीमंतांनी त्याच्या कितीतरी आधीपासून गाड्या घेऊन ठेवल्या होत्या. चित्रपटातली सुप्रा जून २०२१मध्ये लास व्हेगासच्या लिलावात साडेपाच लाख डॉलरना गेली. या पैशातला छदामही टोयोटाच्या वा निसानच्या गल्ल्यात पडला नाही. जुन्या गाडीवरचं प्रेम कारखाना चालवू शकत नाही.

कंपन्या यातून जे शिकल्या ते २०१९च्या सुप्रात दिसतं. तोयोदांनी ती परत आणली, पण जर्मन बीएमडब्ल्यूच्या भागीदारीत. सांगाडा आणि इंजिन बीएमडब्ल्यूचं, जुळणी ऑस्ट्रियात ग्राझ इथल्या कारखान्यात, आणि तिथेच बीएमडब्ल्यूची झेड४ सुद्धा. चाहते नाराज झाले. पण दोघांनी खर्च वाटून घेतला नसता तर ती आलीच नसती.

हे तर्कशास्त्र फक्त महागड्या वेगवान गाड्यांचं नाही. १ एप्रिल २०२० रोजी भारतात बीएस-सहा हे धुराचे नियम लागू झाले तेव्हा पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन बनणं थांबलं. त्याच कारखान्यातलं २ लिटरचं डिझेल इंजिन मात्र सुधारून नियमांत बसवलं गेलं. लहान इंजिन स्वस्त गाड्यांत जात होतं, तिथे गिऱ्हाईक वाढीव किंमत द्यायला तयार नव्हतं. मोठं इंजिन जीपच्या कंपासमध्ये, टाटाच्या हॅरियरमध्ये आणि एमजीच्या हेक्टरमध्ये जात होतं. तीन कंपन्यांनी मिळून त्याचा भार उचलला. कायदा एक, कारखाना एक, निकाल दोन.

डिसेंबर २००७मध्ये निसानने स्कायलाइन हे नाव गाळून नुसती जीटी-आर आणली. आर३५ नावाची ही पिढी अठरा वर्षं चालली. २०१६च्या डिसेंबरात ती भारतातही आली, १ कोटी ९९ लाखांना. २०२२मध्ये आवाजाच्या नियमांपुढे तिने युरोप सोडला. २६ ऑगस्ट २०२५ला तोचिगीच्या कारखान्यातून शेवटची गाडी बाहेर पडली. एकूण सुमारे ४८ हजार. त्या वर्षी निसानने ६७० अब्ज येनहून अधिक तोटा जाहीर केला होता आणि वीस हजार नोकऱ्या व सात कारखाने कमी करण्याची योजना मांडली होती. जीटी-आरला तिसऱ्यांदा मिळालेला हा पूर्णविराम. याही वेळी तिचं इंजिन इतर गाड्यांना फारसं उपयोगी नव्हतं, सुटे भाग मिळणं अवघड झालं होतं आणि कंपनी अडचणीत होती.

वेगवान गाडी बंद होते तेव्हा कंपनीचं पत्रक नियमांकडे बोट दाखवतं, कारण नियमांशी भांडता येत नाही आणि त्यात कुणाची नाचक्कीही होत नाही. वाचणाऱ्याने तीन गोष्टी तपासाव्यात: तिचं इंजिन आणखी किती गाड्यांत बसत होतं, तिचा सांगाडा पुढच्या योजनेत होता का, आणि त्या वर्षी कंपनीच्या ताळेबंदात शेवटचा आकडा कसला होता. तिन्हींची उत्तरं वाईट असतील तर कुठल्याही कायद्याची वाट न पाहता ती गाडी गेलेलीच असते.